धरणात माशांचं बीज सोडताय? आधी सांडवा थांबू द्या

आमच्या संस्थेने पहिल्यांदा तलावाचा ठेका घेतला तेव्हा घाई करून जुलैतच गाडी बोलावली, इंचभराचं बीज, म्हणजे माशांची पिल्लं होती, भिंतीपर्यंत रस्ता होता म्हणून तिथंच पिशव्या फोडल्या, आणि आठवड्यात सांडवा सुरू झाला, म्हणजे भरलेल्या धरणाचं जादा पाणी बाहेर पडायला लागलं. बीज गेलं खालच्या गावाला. त्यांनी त्या वर्षी मस्त कटला खाल्ला म्हणे.

बरेच जण विचारतात की पाण्यात मासे आपोआप होतात की, विकत कशाला घ्यायचं. चिलापी होते ना, ती साठलेल्या पाण्यातच वर्षातून कितीदा तरी वीण काढते, पिल्लं तोंडात सांभाळते, आणि गर्दी झाली की तळहाताएवढीच राहते. कटला, रोहू, मृगळ यांना मात्र पावसाळ्यातलं वाहतं, पुराचं पाणी लागतं. १९५७ साली हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींची वीण काढून दाखवली म्हणून आज हॅचरीत बीज मिळतंय, नाहीतर नदीतनं गोळा करत बसलो असतो.

आता बीज घेताना. जिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली असे लहानापासून मोठ्यापर्यंत टप्पे असतात, त्यातली धरणात फक्त बोटुकलीच टाका, ती पण ८० ते १०० मिलिमीटरची. लहान बीज स्वस्त पडतं खरं, पण ते मरळ आणि शिंगाडा या शिकारी माशांचा नाश्ता असतो, पैसे आपले आणि वाढतो मरळ. बोटुकली महाग वाटत असेल तर जुलैत लहान बीज घ्या, शेततळ्यात किंवा काठाला जाळीचा पिंजरा लावून त्यात दोनेक महिने खाऊ घालून वाढवा आणि सांडवा बंद झाला की सोडा. वेळही साधते, साइजही मिळते.

मोजणी डोळ्यासमोर करून घ्या. एक वाटी भरून त्यातले नग मोजायचे आणि एकूण किती वाट्या झाल्या त्याने गुणायचं, पण वाटीत पाणी जास्त आणि मासे कमी हा प्रकार चालतो, तेव्हा मधली कुठलीही वाटी आपण उचलून मोजायची.

सोडायचं सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून धरणाचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिशवी आडवी करा, मासे आपापले बाहेर जातात, ओतायचं नाही. जागा म्हणाल तर भिंत आणि कालव्याचं तोंड सोडून लांब, फुगवट्याच्या, म्हणजे धरणाचं पाणी मागे पसरतं त्या उथळ बाजूला, आणि सगळं एकाच ठिकाणी नको.

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, म्हणून तिन्ही घ्या. कुणी आफ्रिकन मांगूर स्वस्तात देतो म्हणाला तर गाडी परत पाठवा, त्यावर बंदी आहे आणि तो बाकीचं सगळं खाऊन टाकतो.

एवढं करून लोक बारीक आसाचं (भोकाचं) जाळं लावतात किंवा वडाप, म्हणजे ओढायचं बारीक जाळं, ओढतात आणि पाव किलोचा कटला बाजारात नेतात. अरे, खाणं चांगलं असेल तर तोच वर्षभरात किलोच्या आसपास जातो! पहिलं वर्ष मोठ्या आसाचंच जाळं टाका, लहान मासा त्यातनं निघून जाऊ दे. बारीक जाळं लावायचंच असेल तर काठाच्या उथळात चिलापीसाठी लावा, पहाटे उचला, आणि त्यात सापडलेला जिवंत कटला परत पाण्यात.