माळ्यावरची जुनी कार्बन सायकल: किंमत ठरवताना या चुका टाळा

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका काकूंचा फोन आला. "अरे, ह्यांनी अमेरिकेहून आणलेली रेसिंगची सायकल माळ्यावरून काढलीय. घासूनपुसून लख्ख केलीय. तू येऊन फक्त किंमत सांग."

मी गेलो. सायकल खरंच लख्ख होती. पहिली चूक तिथेच झाली होती.

जुनी कार्बन सायकल, म्हणजे कार्बन फायबरच्या फ्रेमची, तपासण्याआधी धुवू नका. घासणीने नावाचे स्टिकर निघतात आणि खरेदीदार तेच आधी बघतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे पुरावा पुसला जातो. "सीटखालच्या दांडीशी पांढरी भुकटी होती, तीही काढली," काकू म्हणाल्या. मला बघायची होती ती नेमकी तीच भुकटी. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये घाम मुरला, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी फुगून दांडी नळीत घट्ट बसते. काका वर्षानुवर्षं महूपर्यंत जाऊन यायचे, म्हणजे घाम भरपूर मुरलेला. बोल्ट सैल केला, पण दांडी केसभरही हलली नाही.

अशी दांडी सीट धरून जोराने पिळू नका, हीट गनही लावू नका. फ्रेम आधी तडकेल. सायकल उलटी टांगा, बॉटम ब्रॅकेट (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात तो खालचा आस) काढून नळीत गंज सोडवणारं तेल सोडा आणि काही दिवस थांबा. सीटची नळी पूर्ण कार्बनची असेल, तर दांडीला बर्फ लावून बघा. थंडीने ॲल्युमिनियम आकसतं, कार्बन जवळजवळ नाही.

दुसरी चूक नावाची. 'कार्बन आहे आणि जुनी आहे, म्हणजे महाग,' असं होत नाही. १९८६ साली अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडने लूक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली, त्याच वर्षी केस्ट्रेल कंपनीने अखंड कार्बनची फ्रेम विकायला काढली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत ढीगभर फ्रेम निघाल्या. इटलीच्या कोल्नागो कंपनीची १९९४ची सी-४० फ्रेम सांभाळलेली असेल, तर संग्राहक तिच्या मागे असतात. पण कार्बनच्या तीन नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेली साधी फ्रेम तेवढीच जुनी असूनही तिला तसा भाव येत नाही. जुनेपणापेक्षा कोणती आणि कोणत्या अवस्थेत, हे बघायचं.

अवस्था म्हणजे रंगाची चमक नव्हे. सांधे बघा. टॉर्च तिरपा धरा आणि जिथे कार्बन संपून धातू लागतो तिथे नखाने रेघ चाचपा. मग पुढचा ब्रेक दाबून धरा, एका पॅडलवर पायाने भार द्या आणि कुणाला तरी बॉटम ब्रॅकेटजवळ डोळा लावून बसवा. रेघ उघडमीट करत असेल, तर गोंद सुटलाय. नुसती रंगाची भेग असेल, तर ती हलत नाही. काकूंच्या सायकलीला चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) वर एक रेघ होती. तीनदा भार दिला, हलली नाही. तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला.

नाण्याने ठोकून बघा, पण डाव्या बाजूचा आवाज उजव्या बाजूच्या त्याच जागेशी ताडा. नळीची जाडी जागोजागी वेगळी असते, त्यामुळे वरचा आणि खालचा आवाज वेगळा येणारच. एकाच ठिकाणी 'टक्' ऐवजी 'भद्द' आलं, तर आतले थर सुटलेले असू शकतात. मला सर्वांत जास्त काळजी चिमट्याची वाटते. तो उतारावर तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो. शंका असेल तर 'चालवायला' म्हणून विकूच नका, सुटे भाग वेगळे विका. फ्रेम गेली तरी गिअर आणि चाकांना किंमत असते.

भाग मूळचे आहेत का, हे काकूंच्या सायकलीवर दोन मिनिटांत कळलं. शिमानो या जपानी कंपनीच्या क्रॅंकच्या (पॅडल ज्याला लावतात त्या दांड्याच्या) मागे दोन अक्षरं असतात: पहिलं वर्ष, दुसरं महिना. 'ए' म्हणजे १९७६, तिथून पुढे मोजायचं. इथे 'आर-सी' होतं, म्हणजे मार्च १९९३. फ्रेमही त्याच सुमाराची. म्हणून जुने पॅडल काढून नवे चकचकीत बसवू नका. हॅंडलवरचा गिअर 'कट' आवाज न करता नुसता फिरत असेल, तरी तो फेकू नका. बहुतेक वेळा आतलं ग्रीस गोठलेलं असतं. डिग्रीझर मारा, लिव्हर पुन्हा पुन्हा दाबा, मग नवं हलकं तेल द्या.

भावाबद्दल एवढंच: लोक किती मागतात ते बघू नका, किती रुपयांना गेली ते बघा. त्यातून पॅकिंग आणि पाठवणीचा खर्च वजा करा. उंच माणसाची मोठी फ्रेम असेल, तर गिऱ्हाईकही कमी.

काकूंना मी अजून आकडा सांगितलेला नाही. सायकल त्यांच्या गच्चीच्या जिन्यात उलटी टांगलीय, नळीत तेल सोडलंय, खाली जुना पंचा अंथरलाय. रविवारी बर्फ घेऊन जाणार आहे. दांडी सुटली, तर फ्रेमसकट किंमत सांगता येईल.