अडकणारा ॲक्सिलरेटर: दोष शोधावा कसा, दुरुस्त करावा कसा

ॲक्सिलरेटर अडकण्याची लक्षणे दोन प्रकारची असतात आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. पहिल्या प्रकारात पाय उचलल्यावरही इंजिनाची रेस खाली येत नाही. तिथे संशय मॅट, पेडल, केबल किंवा परतीच्या स्प्रिंगवर घ्यावा. दुसऱ्या प्रकारात पेडल सुरुवातीला घट्ट लागते आणि जोर दिल्यावर एकदम सुटून गाडी हिसका देते. हे थ्रॉटल बॉडीतील, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागातील, झडपेच्या कडेला साचलेल्या काजळीचे काम असते. हा फरक न पाहता सरसकट स्प्रे मारून घेतला की पैसे जातात आणि धोका तसाच राहतो.

धावत्या गाडीत रेस अडकली, तर आधी ब्रेक एकदाच जोरात आणि सलग दाबावा. पेट्रोल गाडीत ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी इंजिनाच्या इनटेकमधून (हवा आत घेणाऱ्या मार्गातून) मिळते आणि थ्रॉटल उघडा राहिला की ती जवळजवळ नाहीशी होते; त्यामुळे ब्रेक पुन्हापुन्हा सोडून दाबला, तर बूस्टरमधील (ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्यातील) साठा एकदोन वेळांतच संपतो आणि पेडल कडक होते. त्याच वेळी क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावी. इंजिन ओरडेल, त्याकडे दुर्लक्ष करून गाडी कडेला घ्यावी आणि थांबल्यावर इंजिन बंद करावे. गाडी चालत असताना किल्ली पूर्ण मागे फिरवून काढू नये, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

तपासणी इंजिन बंद आणि थंड असताना, हँडब्रेक लावून करावी. सुरुवात पायाखालच्या मॅटपासून करावी. हे क्षुल्लक वाटेल, पण २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या मॅटमध्ये पेडल अडकण्याच्या धोक्यामुळे परत बोलावल्या होत्या. आपल्याकडे मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट टाकण्याची सवय सर्रास आहे. ती वरची मॅट काढावी आणि मूळ मॅट तिच्या हुकांत बसवावी. मग पेडल हाताने दाबून सोडावे आणि त्याच्या बिजागरीत माती किंवा गंज आहे का, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे.

पेडल ठीक असेल, तर बॉनेट उघडावे. मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या केबलच्या गाडीत खरा निर्णय एका साध्या कृतीने होतो. केबलचे टोक थ्रॉटलच्या अर्धगोल चाकावरून सोडवावे आणि ते चाक हाताने पूर्ण फिरवून सोडावे. ते टक्कन मागे आले, तर दोष केबलमध्ये किंवा पेडलकडे आहे. रेंगाळले, तर थ्रॉटल बॉडीत किंवा तिच्या स्प्रिंगमध्ये आहे. सुटी केबल आवरणातून मागेपुढे ओढून पाहिली की खरखर हाताला लगेच जाणवते.

केबलची एक जरी तार तुटलेली दिसली, तरी केबल बदलावीच, कारण तुटलेले टोक आवरणात रुतते आणि केबल नेमकी दाबलेल्या स्थितीत धरून ठेवते. कोकणात आणि किनारपट्टीवर आवरणाच्या तोंडाशी पाणी शिरून गंज लवकर धरतो. तिथे तेल सोडून काम भागवणे मला मान्य नाही: आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तेलावर धूळ चिकटून केबल आणखी जड होते. नवी केबल जुन्याच मार्गाने, तीव्र वळण न देता आणि एग्झॉस्टपासून दूर बसवावी. थोडी ढील मालकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

थ्रॉटल बॉडी चिकट असेल, तर हवेचा पाइप काढून आत पाहावे. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातली) तेलकट वाफ इनटेकमध्येच सोडलेली असल्याने झडपेच्या कडेला काळा, चिवट थर बसतो. खास थ्रॉटल बॉडीसाठीचा क्लीनर फडक्यावर घेऊन झडप आणि भोवतालची भिंत पुसावी. कार्बोरेटर क्लीनर वापरू नये, कारण काही थ्रॉटल बॉडींना आतून लेप असतो आणि तो निघून जातो. त्याच कारणासाठी स्क्रूड्रायव्हरने खरवडूही नये. सेन्सरवर द्रव उडू देऊ नये आणि झडप थांबवणाऱ्या स्क्रूला हात लावू नये. तो कारखान्यात बसवलेला असतो. क्लीनर ज्वलनशील असल्याने काम मोकळ्या हवेत करावे. साफ केल्यावरही झडपेचा दांडा बाजूला हलत असेल, तर झीज झालेली आहे, आणि त्यावर थ्रॉटल बॉडी बदलण्याखेरीज उपाय नाही.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत केबलच नसते. तिथे इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालू नये, कारण मोटार ती अचानक फिरवू शकते. इग्निशन बंद असतानाही ती बोटाने जबरदस्तीने उघडल्यास आतले गिअर बिघडू शकतात. साफसफाईनंतर आयडलिंग वर राहिले, तर अनेक गाड्यांत स्कॅनर लावून झडपेची स्थिती संगणकाला पुन्हा शिकवावी लागते. इंजिनाचा इशारा देणारा दिवा लागलेला असेल, तर आधी स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून घ्यावा आणि मगच स्वच्छतेला हात घालावा.

दुरुस्तीनंतर केबलच्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, मदतनिसाला पेडल तळापर्यंत दाबून सोडायला सांगावे आणि झडप दर वेळी पूर्ण मिटते ना हे डोळ्यांनी पाहावे. मग उभ्या गाडीत रेस देऊन पाहावे, आणि पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर कमी वेगाने घ्यावी.