डेंग्यूचा रक्ताचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पावसाळा ओसरून नवरात्र जवळ आले की इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरापर्यंत तापाच्या रुग्णाची चौकशी एकाच प्रश्नाने होते: प्लेटलेट्स किती आल्या? आजार कितपत गंभीर होईल हे या एकाच आकड्यावरून ठरवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली जाणे डेंग्यूत नेहमीचेच असून, जिवाला मुख्य धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपण्याचा, आणि ही गळती दिसते हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे पीसीव्हीच्या (रक्तातील लाल पेशींचे टक्केवारीतील प्रमाण), रकान्यात. रक्तद्रव घटला की रक्त दाट होते व हा आकडा चढतो. रुग्णाच्या मूळ पातळीपेक्षा २० टक्के वाढ ही गळतीची ठोस खूण मानली जाते. म्हणूनच एरवी ३५ पीसीव्ही असणाऱ्या स्त्रीचा आकडा ४२ झाला, तर तो छापील मर्यादेत असूनही चिंतेचा ठरतो. तुलनेसाठी तापाच्या सुरुवातीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीचा रिपोर्ट, जपून ठेवावा आणि पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच लॅबमध्ये कराव्यात. सलाइन सुरू झाल्यावर पीसीव्ही उतरतो हे खरे, परंतु नाडी जलद आणि रक्तदाब खालावलेला असताना तो उतरला, तर डॉक्टरांना आतील रक्तस्रावाचा विचार करावा लागतो.

ताप उतरला म्हणून तपासणी थांबवणे ही दुसरी चूक. गळतीचा काळ बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, नेमका ताप उतरतानाच सुरू होतो व २४ ते ४८ तास टिकतो. या काळात पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गुंगी दिसल्यास रिपोर्टची वाट पाहू नये.

एनएस१, म्हणजे डेंग्यू विषाणूचे प्रथिन शोधणारी रक्तचाचणी, पॉझिटिव्ह येणे हे निदान आहे, तीव्रतेचे माप नव्हे.

प्लेटलेट्स अचानक फारच कमी दाखवल्या आणि रुग्ण ठीक असेल, तर नमुन्यात त्यांच्या गुठळ्या झाल्या नाहीत ना, हे स्मीअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तपासता येते. रक्तस्राव नसताना केवळ आकड्याच्या भीतीने प्लेटलेट्स चढवण्याचा आग्रहही धरू नये. सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले.

एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीतील एन्झाइम्स डेंग्यूत बहुधा थोडी वाढलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या निकषांनुसार १००० किंवा त्याहून अधिक पातळी तीव्र डेंग्यूत मोडते. फेरिटिनचे (शरीरात लोह साठवणारे प्रथिन) महागडे पॅकेज मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये, कारण तीव्र आजारात ते वाढलेले आढळत असले तरी सर्वमान्य धोकारेषा ठरलेली नाही.