पाला ओला तर अळी गेली: पावसाळ्यातलं घरगुती रेशीम संगोपन

पावसाळ्यात तुतीला पाला भरभरून फुटतो, म्हणून याच दिवसांत रेशीम अळीचे अंडीपुंज, म्हणजे एकेका मादीनं घातलेली अंडी, आणायचा मोह होतो. पाल्याची चणचण नसते हे खरं. पण तो पाला ओला असतो, हवा दमट असते आणि संगोपनातला घोळ इथंच होतो. घरी पहिल्यांदाच अळ्या पाळणार असाल तर एकच अंडीपुंज घ्या. एका पुंजात ४०० ते ५०० अंडी असतात आणि तेवढ्या अळ्या कोषाला जाईपर्यंत साधारण १० किलो पाला फस्त करतात. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला शेवटच्या सात-आठ दिवसांत लागतो. आज झाडावर किती पानं आहेत यापेक्षा तीन आठवड्यांनी किती असतील, तो हिशेब आधी मांडा.

अंडी येण्याच्या चार-पाच दिवस आधी खोली, ट्रे आणि रॅक निर्जंतुक करा. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि ३ ग्रॅम विरलेला चुना हे द्रावण पुरतं. फवारताना नाकातोंडाला फडकं बांधा आणि नंतर वास पूर्ण जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा.

अंड्यांवर आधी एकेक काळा ठिपका दिसतो, मग अंडी निळसर होतात. तेव्हा ती काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवा आणि अळ्या निघायच्या दिवशी सकाळी उजेडात काढा, म्हणजे बहुतेक अळ्या एकदमच बाहेर पडतात. ही एकसारखी सुरुवात फार मोलाची आहे. नाहीतर पुढे निम्म्या अळ्या कातेवर, म्हणजे कात टाकायला थांबलेल्या, आणि निम्म्या भुकेल्या, अशी कसरत महिनाभर चालते. दर कातेनंतर अळीची नवी अवस्था सुरू होते. चॉकीच्या, म्हणजे पहिल्या दोन अवस्थांत २६ ते २८ अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी. एरवी त्यासाठी ट्रेमधल्या अळ्यांच्या बिछान्याभोवती ओल्या स्पंजच्या पट्ट्या ठेवतात. झड लागलेली असेल तर त्या ठेवू नका, हवेतच पुरेसा ओलावा असतो. शेंड्याकडची कोवळी, चकचकीत पानं बारीक चिरून घाला.

तिसऱ्या अवस्थेपासून सगळं उलटं होतं. आता अळीला २३ ते २५ अंश तापमान, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि खेळती हवा लागते. पाऊस उघडला की पाला तोडून घ्या. उघडलाच नाही तर फांद्या झटकून दोरीवर उलट्या टांगा, किंवा पानं सुती कापडावर पातळ पसरून वर पंखा लावा. पान गालाला लावून पाहा, गार लागलं तरी चालेल, ओल लागता कामा नये. ढीग मात्र करू नका. ओल्या पाल्याचा ढीग आतून तापतो, आणि तो पाला खाल्ल्यावर अळ्यांना हगवण लागते. एखादी वेळ उपाशी गेली तर अळी सावरते, ओल्या पाल्यातून सावरत नाही.

कातेवरची अळी ओळखता आली पाहिजे. ती खाणं सोडते, अंग चकाकतं आणि डोकं वर उचलून पुतळ्यासारखी थांबते. बहुतेक अळ्या अशा थांबल्या की पाला बंद करून बिछान्यावर विरलेल्या चुन्याची भुकटी पातळ भुरभुरा. जवळजवळ सगळ्या कात टाकून उठेपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, पाला घालू नका. मधेच हलवाहलवही नको.

रोगाची अळी रोज सकाळी शोधायची. अंग सुजून ट्रेच्या कडेनं भटकणारी आणि टोचल्यावर दुधासारखा द्रव सोडणारी अळी ग्रासरीची. मऊ, लोळागोळा होऊन पडलेली फ्लॅचरीची. मरून खडूसारखी कडक आणि पांढरी झालेली मस्करडाईनची, आणि दमट हवेत हीच बुरशी जास्त फोफावते. अशी अळी चिमट्यानं उचलून चुना-ब्लीचिंगच्या भांड्यात टाका आणि जाळा. अंगणात फेकाल तर बीजाणू वाऱ्यानं परत घरात येतील.

पावसाळ्यात डास होतात आणि घरातलं कुणीतरी सवयीनं कॉइल लावतं. मी स्वतः एकदा शेजारच्या खोलीत लावली होती. सकाळी अळ्या माना वेळावत, हिरवं पाणी ओकत पडल्या होत्या. कॉइल, मच्छर-वडी, फवारा यातलं काहीही त्या छपराखाली नको. खिडक्यांना जाळी लावा, ती अळ्यांवर अंडी घालणाऱ्या उझी माशीलाही अडवते. मुंग्यांसाठी रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

पिकलेली अळी खाणं सोडते, किंचित आखडते आणि तिच्या अंगातून उजेड आरपार दिसतो. तिला चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, सोडा, पण दाटी करू नका. कोष विणण्याआधी अळी बरंच पाणी बाहेर टाकते. ते वाऱ्यानं सुकलं नाही तर कोष डागाळतात आणि धागाही नीट सुटत नाही. पंखा दूर ठेवून मंद वारा द्या. कोष पाचव्या-सहाव्या दिवशी उतरवा.

पैदास करायची असेल तर एकसारखे, घट्ट, बिनडागी कोष निवडा. अळी चंद्रिकेवर चढल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी पहाटे पतंग निघतात. ते खात नाहीत, उडतही नाहीत. जाड पोटाची मादी एका जागी बसते, नर पंख फडफडवत तिच्याभोवती फिरतो. तीन-चार तासांनी जोडी हळूच अलग करा आणि मादीला कागदावर ठेवून वर वाटी पालथी घाला.

अंडी मिळाली तरी काम संपत नाही. पेब्रीन हा रोग मादीकडून अंड्यात उतरतो. म्हणून मादी पाण्यात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही पद्धत लुई पाश्चरनं १८६५ नंतरच्या संशोधनातून रुजवली. लंबगोल, चकाकणारे बीजाणू दिसले तर त्या मादीची सगळी अंडी जाळा. तपासणीची सोय नसेल तर हौसेपुरत्या दोन-तीन जोड्या ठेवा, मोठ्या बॅचला ती अंडी वापरू नका. संकराच्या कोषांतून काढलेल्या पुढच्या पिढीत अळ्या एकसारख्या वाढत नाहीत, तेव्हा उत्पादनासाठी दर वेळी तपासलेले अंडीपुंजच आणा.

अंडी दोन-तीन दिवसांत करडी झाली तर ती सुप्तावस्थेत गेली असं समजा. ती काही आठवडे खोलीत ठेवून मग ५ अंशांच्या आसपास दोन-तीन महिने थंडीत ठेवावी लागतात. पिवळसरच राहिली तर १० ते १२ दिवसांत फुटतील, तेव्हा झाडावर पाला आहे का ते आजच पाहून ठेवा.