दादा गेल्यावर घर आईच्या नावावर कसं केलं

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी इंदिरानगरच्या फ्लॅटसाठी एजंट गिऱ्हाईक घेऊन दारात. आई म्हणाली, "विकून टाक बाबा, इथं मन लागत नाही." मी ठरवलं, वर्षभर काहीच विकायचं नाही. आज वाटतं, तोच निर्णय सगळ्यात महत्त्वाचा होता.

सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव. मला वाटायचं, म्हणजे घर माझंच. वकिलांनी समजावलं, नॉमिनी फक्त सांभाळणारा, मालकी वारसांची. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, मी, ताई आणि आजी, चौघांचा सारखा हिस्सा. मुलगा गेला तर त्याच्या आईलाही वाटा असतो, हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं.

मग आम्ही तिघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र केलं. नुसतं स्टॅम्पपेपरवर लिहून चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. आजीला रिक्षातून नेलं. तिचा अंगठा मशीनवर उमटेना, कामानं हात झिजलेले. ताईनं ओल्या रुमालानं बोट पुसलं, तिसऱ्यांदा उमटला.

त्या दस्तावर सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, आईच्या नावे केलं. विकायचं की राहायचं, आता तिचं ती ठरवेल.