धारवाडच्या विज्ञान केंद्रात जाण्याआधी

जायच्या आधीच्या आठवड्यात दाराच्या कडीला दोरीनं एक लोखंडी नट टांगा. दोरी 25 सेंटिमीटर ठेवली तर नट जाऊन परत यायला साधारण एक सेकंद लागतो, मीटरभर ठेवली तर दोन. त्याच उंचीवर आणखी एक नट बांधून मुलांनाच मोजू द्या, वेळ तेवढाच निघतो. मग चकचकीत स्टीलचा डाव द्या. खोलगट बाजूत तोंड उलटं दिसतं, पाठीवर सुलटं पण बारीक. हे घरी झालेलं असलं की पोरं तिथल्या लोलकाकडं, आरशांकडं आपणहून धावतात. माझ्या मते सगळ्या तयारीत हेच मोलाचं.

सुट्टीचा वार आणि खेळांच्या वेळा आदल्या दिवशी फोनवर विचारा. खानापूरकरांना लोंढा-अळणावरमार्गे रेल्वे सोयीची, निपाणी-बेळगावकरांना कित्तूरवरून जाणारी बस. बायकांनी आधार कार्ड पर्समध्ये टाकावं, कारण शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. चंदगडहून आलेल्या आत्यांचं मात्र काढावं लागेल.

डब्यात धपाटे घ्या, पण खाल्ल्यावर साबणानं हात धुवायला लावा; तेलकट बोटांनी काचा-भिंगं खराब होतात. फिरत्या वस्तूंजवळ ओढणी, लांब माळा, मोकळे केस नकोत. केस उभे करणारं स्थिर विजेचं यंत्र चालू असेल तर पेसमेकर बसवलेल्या आजोबांनी त्याच्यापासून लांब राहावं. दमट हवेत विजेचा भार टिकत नाही, म्हणून हा प्रयोग बघायचा तर पावसाळ्यापेक्षा थंडीतला कोरडा दिवस चांगला.

फलक कन्नड-इंग्रजीत असतात. शाळेत कन्नड शिकणाऱ्या ताईला वाचायचं काम द्या, पण आधी धाकट्यांना हात लावू दे, ओढू दे, फिरवू दे. काय झालं हे त्यांनी सांगितल्यावरच फलक वाचावा; उत्तर आधी कळलं तर हात थांबतो. फिरत्या पाटावर कोणी बसलं तर हात पसरून मग छातीशी घ्यायला सांगा, वेग वाढलेला त्यांना स्वतःला जाणवू दे. एखादं पोर कप्पीपाशी अर्धा तास रमलं तर रमू दे, बाकीची दालनं राहिली तरी चालतील. त्यासाठीच परतीच्या गाड्यांच्या वेळा सकाळी उतरल्याउतरल्या विचारून ठेवा, आणि शेवटच्या गाडीच्या आधीची धरा.