पीएलसी नंतर, आधी एक लूप: इन्स्ट्रुमेंटेशन प्रोजेक्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटेशनची (प्लांटमधले दाब, तापमान, फ्लो मोजणं आणि आवरणं) नोकरी शोधणाऱ्या बहुतेकांना पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) प्रोग्रामिंग हवं असतं. प्रोजेक्ट इंजिनिअरच्या कामात मात्र त्याचा वाटा लहान आहे. दिवस जातो तो पीअँडआयडी (पाइप आणि उपकरणांची आकृती), इन्स्ट्रुमेंट इंडेक्स (उपकरणांची यादी), डेटाशीट, आयओ लिस्ट (इनपुट-आउटपुट सिग्नलची यादी), हूक-अप (उपकरण पाइपला कसं जोडायचं त्याचं ड्रॉइंग), केबल शेड्यूल आणि लूप ड्रॉइंगमध्ये. साइटवर जे निस्तरायला चार माणसं लागतात, ते बहुतेकदा यांपैकीच एखाद्या कागदावर आधी चुकलेलं असतं. म्हणून एकच लूप, म्हणजे एका मोजमापाची पूर्ण साखळी, घ्या आणि पाइपवरच्या टॅपिंगपासून (दाब घेण्याचं भोक) कंट्रोल रूमच्या स्क्रीनपर्यंत पूर्ण समजून घ्या. वाफेच्या लाइनवरचा ओरिफिस (पाइपमधली भोकाची चकती, तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबाच्या फरकावरून फ्लो कळतो) फ्लो लूप त्यासाठी उत्तम. फसायच्या जागा त्यात भरपूर आहेत.

नोकरी कुठली घ्यावी, हाही प्रश्न येतोच. ऐरोली-महापे-बेलापूरच्या डिझाइन ऑफिसांत कागद शिकायला मिळतो, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या पॅनेलवाल्यांकडे वायरिंग आणि टेस्टिंग, तळोजा-पाताळगंगेच्या प्लांटमध्ये बिघाड. निवड असेल तर पहिलं वर्ष पॅनेल किंवा साइटवर काढावं. फेरूल (तारेवरचा नंबर) आणि टर्मिनल हाताखालून गेलेल्याचं लूप ड्रॉइंग वेगळंच उतरतं.

आता लूप. टॅग (उपकरणाचा नंबर) समजा एफटी-१०१, म्हणजे फ्लो ट्रान्समीटर, मोजमाप ४ ते २० मिलिअँपच्या सिग्नलने पाठवणारं उपकरण. डेटाशीट भरताना प्रोसेसवाल्यांकडून किमान, नेहमीचा आणि कमाल असे तिन्ही फ्लो घ्या, सोबत दाब, तापमान, घनता. फक्त कमाल आकड्यावर ओरिफिस काढला की प्लांट कमी लोडवर चालतो तेव्हा रीडिंग नाचतं. कारण डीपी, म्हणजे ओरिफिसच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, हा फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: फ्लो १० टक्के झाला तर डीपी उरतो १ टक्का. ओरिफिसवर साधारण तीनास एक, फार तर चारास एक एवढ्याच पल्ल्यात भरवसा ठेवावा. कंट्रोल व्हॉल्व्हचंही तसंच. व्हॉल्व्हचा साइज लाइनएवढाच आला तर गणित पुन्हा तपासा. मोठा व्हॉल्व्ह जेमतेम १० टक्के उघडून काम करतो, हंटिंग होतं, म्हणजे व्हॉल्व्ह सारखा पुढे-मागे होत राहतो, आणि सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) खाल्ली जाते. नेहमीच्या फ्लोला उघडीप २० ते ८० टक्क्यांत कुठेतरी मध्यावर बसायला हवी.

हूक-अपकडे नवीन मुलं जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी करायची गोष्ट म्हणून बघतात, आणि सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. द्रवासाठी ट्रान्समीटर टॅपिंगच्या खाली, म्हणजे बुडबुडे वर लाइनमध्ये परत जातात. गॅससाठी वर, म्हणजे साचलेलं पाणी खाली निथळतं. वाफेसाठी पुन्हा खाली, पण दोन्ही टॅपिंगला एकाच पातळीवर कंडेन्सेट पॉट (वाफेचं पाणी साठवणारं छोटं भांडं) लावून. एक पॉट दुसऱ्यापेक्षा ५० मिलिमीटर उंच बसला, तर थंड पाण्याच्या स्तंभाची जवळपास ५० मिलिमीटरची चूक कायमची रीडिंगमध्ये शिरते. इंपल्स लाइनला, म्हणजे टॅपिंगपासून ट्रान्समीटरपर्यंतच्या बारीक नळीला, सलग उतार हवा. मध्ये खिसा राहिला की हवा अडकते.

चालू करण्याआधी दोन्ही इंपल्स लाइन पाण्याने भरा. नाहीतर थेट वाफ सेन्सरपर्यंत पोचते, आणि नेहमीच्या ट्रान्समीटरचा सेन्सर १२० अंश सेल्सिअसच्या आसपासच थांबतो. ट्रान्समीटरजवळच्या तीन व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डचा क्रम पाठ हवा: आधी इक्वलायझर (दोन्ही बाजू जोडणारा व्हॉल्व्ह) उघडा, मग हाय साइड (जास्त दाबाची बाजू), मग इक्वलायझर बंद, शेवटी लो साइड. काढताना लो बंद, इक्वलायझर उघडा, हाय बंद. तिन्ही एकदम उघडे राहिले तर भरलेलं पाणी एका बाजूकडून दुसरीकडे वाहून जातं आणि मागोमाग वाफ येते.

विजेच्या बाजूला व्होल्टेजचा हिशेब ऑफिसमध्येच करून ठेवा. सप्लाय २४ व्होल्ट. २० मिलिअँपला हार्टच्या (त्याच तारांवरून डिजिटल संवादाची पद्धत) २५० ओहमवर ५ व्होल्ट जातात, ३०० ओहमच्या झेनर बॅरिअरवर (धोक्याच्या भागात जाणारी वीज मर्यादित ठेवणारं साधन) ६. दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेला किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणजे ५०० मीटर अंतराला जाऊन-येऊन पाव व्होल्ट. ट्रान्समीटरला उरले पावणेतेरा. बहुतेकांना १०.५ ते १२ लागतात, म्हणजे चालेल, पण जेमतेम. त्यात लूपवर चालणारा लोकल इंडिकेटर घुसवला की लूप १२ मिलिअँपपर्यंत नीट चालतो आणि १८ च्या पुढे सरकत नाही. लोक मग ट्रान्समीटर बदलत बसतात.

केबलचं शील्ड (सिग्नलला बाहेरच्या विजेपासून वाचवणारं आवरण) फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करायचं, फील्डला कापून टेप मारायचं. दोन्हीकडे अर्थ केलं की ग्राउंड लूप तयार होतो, म्हणजे शील्डमधून नको तो करंट वाहतो. केबल मेगर करताना (इन्सुलेशन तपासताना) दोन्ही टोकं सोडवलेली आहेत हे स्वतः बघा, कॉन्ट्रॅक्टरच्या शब्दावर जाऊ नका. ५०० व्होल्टचा मेगर जोडलेल्या ट्रान्समीटरचं किंवा इनपुट कार्डचं वाटोळं करू शकतो. आणि आपल्याकडचा पाऊस: जंक्शन बॉक्सला केबल एंट्री खालूनच द्या, इन्स्ट्रुमेंटला शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, रिकाम्या एंट्रीला वाहतुकीतली प्लॅस्टिकची टोपी न ठेवता मेटलचा स्टॉप प्लग बसवा. जूनमध्ये एकेक लूप २१ मिलिअँपच्या वर किंवा शून्यावर जायला लागला की पहिला संशय बॉक्समधल्या पाण्याचा.

हॅझर्डस एरिया (स्फोटक गॅस असू शकणारा भाग) असेल तर फ्लेमप्रूफ इन्स्ट्रुमेंटला ग्लँड (केबल शिरते तिथली पकड) आणि प्लगही प्रमाणित लागतात. परदेशी माल असेल तर पेसोची (स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) मान्यता पर्चेस ऑर्डरमध्येच मागा. नुसत्या युरोपीय सर्टिफिकेटवर माल आला तर तो स्टोअरमध्ये पडून राहतो. फॅटबद्दल (माल निघण्याआधी कारखान्यात होणारी चाचणी) एवढंच, की आयओ लिस्टची छापील प्रत घेऊन प्रत्येक चॅनेलला खूण करा. स्पेअर २० टक्के मागितले असतील तर ते वायर करून टर्मिनलपर्यंत आणले आहेत का, हेही पाहा.

लूप चेकिंगला कम्युनिकेटरवरून (ट्रान्समीटरशी बोलणारं हातातलं यंत्र) ४, ८, १२, १६, २० मिलिअँप फोर्स करून सही घेण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने फक्त तार तपासली जाते. हँडपंपने प्रत्यक्ष दाब द्या. रेंज ० ते २५०० मिलिमीटर वॉटर कॉलम असेल तर ६२५ ला डीपी २५ टक्के आणि स्क्रीनवर फ्लो ५० टक्के यायला हवा. ७०.७ आला तर वर्गमूळ ट्रान्समीटरमध्येही काढलंय आणि डीसीएसमध्येही (कंट्रोल रूमची संगणक प्रणाली). २५ टक्केच दिसला तर कुठेच काढलेलं नाही. शून्य आणि शंभरला दोन्ही चुका दिसत नाहीत, म्हणून मधले पॉइंट टाळू नका. शेवटी एका बाजूची तार काढा आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर बॅड व्हॅल्यू येते का ते बघा. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ३.६ मिलिअँप किंवा त्याखाली, आणि २१ किंवा त्यावर, म्हणजे बिघाड. पण कार्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते लावलेलं नसेल तर तुटलेली तार ऑपरेटरला शून्य फ्लो म्हणून दिसते.

जे राहिलं ते पंच लिस्टमध्ये. ए वर्गातलं स्टार्ट-अपच्या आधी मिटायला हवं, बी नंतर चालतं. कॉन्ट्रॅक्टर प्रत्येक मुद्दा बीमध्ये ढकलतो. पॉट एका पातळीवर नसणं, स्टॉप प्लग नसणं, बॅड व्हॅल्यू न येणं हे तिन्ही ए मध्येच लिहा. साइटवर टर्मिनल बदललं तर त्याच दिवशी ड्रॉइंगवर लाल पेनाने मारा. नाहीतर चार महिन्यांनी ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे ड्रॉइंग) करायला बसल्यावर मार्शलिंग पॅनेल (फील्डच्या तारा एकत्र येतात ते कपाट) उघडून एकेक तार मोजावी लागते, आणि तोवर प्लांट चालू झालेला असल्याने त्यासाठीही परमिट काढावं लागतं.